म्हातारीचा पत्ता: भोसरीतल्या सिरियल सर्व्हरच्या नोंदी

५ जून, गुरुवार

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी, मशीनं बंद, म्हणून मालकांनी आजच बोलावलं. शॉप छोटं आहे, सहा सीएनसी, म्हणजे आकड्यांच्या प्रोग्रामवर चालणारी कापायची मशीनं, त्यातली तीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीनं), दोन टर्निंग सेंटर (जॉब फिरवून कापणारी) आणि कोपऱ्यात एक जुनं लेथ, त्याला सगळे म्हातारी म्हणतात. सगळ्यांना फॅनुक कंपनीचा कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, म्हातारीला त्यातला जुना फॅनुक झिरो.

आत्ता काय चालतं ते बघितलं. केबिनमध्ये ताई बसतात, त्या कॅमवर, म्हणजे मशीनचे प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, प्रोग्राम करतात. मग हेल्पर पोरगा लॅपटॉप ट्रॉलीवर ठेवून मशीनपाशी नेतो, यूएसबी टू सिरियलचं डोंगल लावतो, आणि डोंगल ज्या भोकात लावलं त्याप्रमाणे कॉम नंबर (पीसी सिरियल पोर्टाला देतो तो) बदलतो की ताईंना हाक, "ताई कॉम सात झालंय". दिवसातून पाच-सहा वेळा ही वरात निघते. मालकांना हे बंद करायचंय, केबिनमधून बटण दाबलं की प्रोग्राम मशीनमध्ये, एवढंच मागणं.

केबिनपासून शेवटचं मशीन पावलांनी मोजलं, साधारण चाळीस मीटर. सिरियल केबल एवढी ओढायची नाही, आरएस-२३२ ला, म्हणजे या सिरियल जोडणीला, पन्नास फूट म्हणजे पंधरा मीटर धरायचं, वेग कमी केला तर जास्त जातं पण शॉपमध्ये ड्राइव्ह आणि वेल्डिंगचा एवढा गोंधळ असतो की नको ते धाडस. म्हणून मधल्या खांबावर डबा, त्यात सिरियल डिव्हाइस सर्व्हर, म्हणजे सिरियल पोर्ट लॅनवर आणणारा बॉक्स, तिथून प्रत्येक मशीनला आठ-दहा मीटरची केबल, आणि डब्यापासून केबिनपर्यंत साधी लॅनची केबल, तिला शंभर मीटर चालतं. गणित जमलं.

मालक म्हणाले वायफायवालं नाही का येत. येतं, पण तुमच्या शॉपमध्ये मोबाइलवर बोलायला बाहेर शटरपाशी जावं लागतं, तेच उत्तर आहे म्हटलं.

६ जून, शुक्रवार

बॉक्स आला. मोक्साचा एनपोर्ट ५६१०-८, आठ पोर्ट, रॅकमध्ये बसणारा, पुढे छोटी स्क्रीन आणि चार बटणं. घरी टेबलावर मांडला.

याचा फॅक्टरीतून आलेला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१२७.२५४. माझा लॅपटॉप घरच्या राउटरवर १९२.१६८.०.५२. पिंग केलं (पत्त्यावर हाक मारून उत्तर येतं का बघायचं), काही नाही. केबल बदलली, पुन्हा पिंग, काही नाही. दहा मिनिटं अशीच गेली मग डोक्यात प्रकाश पडला, तिसरा आकडा वेगळा आहे, मास्क (पत्त्याचा किती भाग एकाच गल्लीचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीने हा बॉक्स दुसऱ्या गल्लीतला, तो त्याला थेट हाक मारणारच नाही, राउटरकडे पाठवणार आणि राउटरला काय माहीत. समोर एक फुटावर ठेवलेला बॉक्स आणि पाकीट भलतीकडेच चाललंय, काखेत कळसा आणि गावाला वळसा. वीस वर्षं हे काम करतोय तरी दर वेळी पहिल्या दहा मिनिटांत हेच.

लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१२७.१ दिला, लगेच पान उघडलं. खरं तर पुढच्या बटणांवरूनही आयपी बदलता येतो, पण एकेक आकडा वर-खाली करत बसायला पोस्टातल्या जुन्या शिक्क्यावर तारीख फिरवल्यासारखं वाटतं.

शॉपच्या राउटरचा १९२.१६८.०.१ आहे हे काल बघून ठेवलं होतं. बॉक्सला १९२.१६८.०.२५० दिला, स्टॅटिक, म्हणजे हाताने दिलेला आणि न बदलणारा. वरचा आकडा, कोणी तिकडे जात नाही, राउटर बाकीच्यांना आपोआप बहुतेक १०० ते १९९ वाटत असेल. ही ओळ नंतर वाचताना स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटेल हे आज माहीत नव्हतं. (हे वाक्य १३ तारखेला घातलंय.)

मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा कारखान्यातून येणारा पत्ता, लिहून ठेवला, सुरुवात ००-९०-ई८, हा मोक्साचा तुकडा. डब्याच्या झाकणावर आतून चिकटवायचाय.

७ जून, शनिवार

सकाळी तपकीर गल्ली, पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ. डीबी-२५ (पंचवीस पिनांचे) मेल कनेक्टर आठ, त्यांची झाकणं म्हणजे हूड आठ, श्रिंक ट्यूब. दुकानदार म्हणतो आता कोण घेतं हो हे, आणि असं म्हणूनच दर वाढवून सांगतो.

दुपारभर केबल. बॉक्सचे सिरियल पोर्ट आरजे-४५, म्हणजे लॅनच्या भोकासारखेच आहेत, त्यामुळे मी लॅनचीच केबल वापरतोय, एका टोकाला नेहमीचं क्रिंपिंग, दुसऱ्या टोकाला डीबी-२५ सोल्डर. वायरचे रंग नेहमीच्या बी पद्धतीने लावले तर चार नंबरची निळी ही बॉक्सची पाठवायची वायर, पाच नंबरची पांढरी-निळी घ्यायची, आणि तीन नंबरची पांढरी-हिरवी ग्राउंड. फॅनुकच्या बाजूला दोन नंबरवरून मशीन बोलतं, तीनवर ऐकतं, सात ग्राउंड. म्हणजे निळी तीनला, पांढरी-निळी दोनला, पांढरी-हिरवी सातला. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, एवढंच लक्षात ठेवलं की पुरे.

मग डीबी-२५ मध्येच चार आणि पाच एकमेकांना जोडायचे, आणि सहा, आठ, वीस हे तिघं एकत्र. असं केलं की मशीन स्वतःलाच विचारतं तयार का आणि स्वतःच हो म्हणतं. हे नाही केलं तर शहाऐंशी नंबरचा अलार्म, समोरचं उपकरण तयार नाही म्हणून. सरकारी फॉर्मवर स्वतःच साक्षीदार म्हणून सही करण्यातला प्रकार, पण इथे चालतो.

पाचवी केबल करताना सोल्डरिंग आयर्न टेबलक्लॉथवर ठेवलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, घरी ऐकून झालंय.

१२ जून, गुरुवार

लावण्याचा दिवस. मेन बंद असतानाच केबल जोडायच्या असं मी आधीच सांगितलं होतं, कारण सिरियलचं ग्राउंड दोन्हीकडे जोडलं जातं आणि अर्थिंग दोन ठिकाणी वेगवेगळं असलं तर ते पोर्ट उडवून जातं. इलेक्ट्रिशियन दादांनी आधी हसण्यावारी नेलं, मग मीटर लावून दोन मशीनच्या बॉडीमधला व्होल्टेज दाखवला तेव्हा गप्प बसले. हत्तीचं अर्थिंग ढिलं होतं, तेवढं आवळून घेतलं. हत्ती म्हणजे मोठं व्हीएमसी, नावांची गंमत नंतर लिहितो.

डबा लागला, सहा केबल गेल्या, पॉवर दिली आणि नेटवर्कवर काहीच नाही. बॉक्सच्या स्क्रीनवर आयपी बरोबर, केबिनमधून पिंग नाही. पंधरा मिनिटांनी कळलं, हेल्परने लॅनची केबल सिरियल पोर्ट आठमध्ये खोचली होती. त्याची चूक नाही, नऊ भोकं सगळी सारखी, एकच काय ते लॅनचं. मी त्या एकाला लाल नेलपॉलिश लावलं, ताईंच्या पर्समधलं. पुढच्या माणसाला कळायला तेच सगळ्यात सोपं.

केबिनच्या पीसीवर ड्रायव्हर टाकला, त्याने आठही पोर्ट कॉम पोर्ट म्हणून दाखवायचे. मी हौसेने कॉम ११ पासून दिले, पोर्ट एक म्हणजे ११, दोन म्हणजे १२, लक्षात ठेवायला सोपं. ताईंचं जुनं डीएनसी (मशीनला प्रोग्राम पाठवायचं) सॉफ्टवेअर कॉम ९ च्या पुढे बघतच नाही. विंडोजमध्ये कॉम १० पासून पुढचे पोर्ट उघडायला नावाच्या आधी एक वेगळा मजकूर जोडावा लागतो, हे ज्या प्रोग्रामवाल्यांना त्या काळी माहीत नव्हतं किंवा लागेल असं वाटलं नाही त्यांचा प्रोग्राम एका आकड्याच्या पलीकडे अडाणी. मग परत सहाही मशीनचे पोर्ट कॉम ३ ते ८. पोर्ट एकला कॉम ३. लक्षात ठेवायला सोपं ते गेलं. आणि पोर्टांची नावं? घाईत पोर्ट१, पोर्ट२ अशीच ठेवली.

टेस्ट. तीनही व्हीएमसीवर काहीच येईना, बराच वेळ केबल तपासल्या. शेवटी पॅरामीटर बघितला, वीस नंबर, आय-ओ चॅनल, म्हणजे प्रोग्राम कुठून घ्यायचा ते, त्यात ४. चार म्हणजे मेमरी कार्ड. मधल्या काळात कोणीतरी कार्डावरून प्रोग्राम घ्यायचा प्रयत्न केला होता, मशीन बिचारं कार्डाच्या खोबणीकडे बघत बसलंय आणि आम्ही मागच्या कनेक्टरवर ओरडतोय. शून्य केलं, चालू झालं. एकशे तीनमध्ये ११ म्हणजे वेग ९६००, ते सगळीकडे होतंच.

म्हातारीने मात्र प्रोग्राम अर्धा घेतला आणि सत्याऐंशी नंबरचा अलार्म मारला. सत्याऐंशी म्हणजे मी थांब म्हटलं तरी तू बोलतच राहिलास. मशीनचं पोट भरलं की ते एक अक्षर पाठवतं, डीसी-३, म्हणजे थांब, रिकामं झालं की डीसी-१, म्हणजे चालू कर. हे कागदी टेपच्या रीडरला चालू-बंद करायचे इशारे, टेलिटाइपच्या जमान्यातले, आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला शेवटाला जे टक्क्याचं चिन्ह असतं तेही टेपचंच पिल्लू. थांब म्हटल्यावर दहाएक अक्षरं जास्त आली तर झिरो सहन करतो, त्यापुढे नाही. बॉक्समध्ये पोर्टाला फिफो असतं, आधीच भरून ठेवलेली अक्षरं, ती थांब ऐकल्यावरही बाहेर पडतात. पोर्ट पाचचं फिफो बंद केलं, फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफ, म्हातारी शांत झाली. मामा, म्हणजे म्हातारीचे ऑपरेटर, मला म्हणाले "तिला घाई चालत नाही, मी आधीच सांगितलं होतं". खरंच सांगितलं होतं, पण मला वाटलं ते फीडबद्दल, म्हणजे कापायच्या वेगाबद्दल बोलतायत.

संध्याकाळी सहाला सगळं चालू, पेढे. मेन बंद करून घरी.

१३ जून, शुक्रवार

सकाळी सव्वासातला फोन. "सर, कालचं काहीच चालत नाहीये."

पोचलो तर खरंच. पिंग कधी येतंय कधी नाही, दहातले चार. ड्रायव्हर म्हणतो पोर्ट उघडता येत नाही. बॉक्सच्या स्क्रीनवर आयपी तोच. बॉक्सची लॅन केबल काढली आणि पिंग करून बघितलं, तर उत्तर येतंय! बॉक्स बाहेर आणि २५० उत्तर देतोय. आता हे भूत कोण.

पीसीवर एआरपीची यादी काढली, कुठल्या आयपीमागे कुठला मॅक ती. २५० च्या समोर मॅकची सुरुवात डीए. ००-९०-ई८ नाहीच. आणि डीए म्हणजे कुठल्या कंपनीचा ते शोधून उपयोग नसतो, पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असलं की तो पत्ता हाताने बनवलेला, आजकालचे मोबाइल वायफायला असाच खोटा मॅक दाखवतात. म्हणजे मोबाइल. मग शॉपमध्ये फिरून एकेकाला वायफाय बंद करायला लावलं, पिंग चालूच. शेवटी गेटवर वॉचमन काका खुर्चीत बसून व्हिडिओ बघत होते. त्यांचा वायफाय बंद, पिंग बंद.

घडलं असं. राउटरचा पूल, म्हणजे तो आपोआप वाटतो ते पत्ते, मी न बघताच १०० ते १९९ धरला होता, उघडून बघितला तर २ ते २५४. काल मेन बंद झाल्यावर बॉक्स झोपला, राउटर गेटजवळच्या ऑफिसात इन्व्हर्टरवर जागा होता, रात्री वॉचमन काकांच्या मोबाइलने पत्ता मागितला आणि राउटरने मोकळा दिसला तो दिला. सकाळी बॉक्स उठला, स्वतःचा म्हणून तोच पत्ता घेऊन बसला. एका घरावर दोन पाट्या, पोस्टमन काय करणार. वायफायचा पासवर्ड वॉचमन काकांकडे कसा, हा मालकांचा प्रश्न, त्यात मी पडलो नाही.

राउटरमध्ये पूल १०० ते १९९ केला. केबिन पीसी .१०, बॉक्स .२०, कॅमेऱ्याचा डीव्हीआर .३०, हे तिन्ही हाताने दिलेले, पूलच्या बाहेर. बॉक्सचा आयपी बदलला म्हणून ड्रायव्हरमधले कॉम ३ ते ८ सगळे पुन्हा बांधावे लागले, कारण ते जुन्या २५० ला शोधत होते. पत्ता बदलला की पत्त्यावर लटकलेलं सगळं बदलतं, म्हणून पत्ता पहिल्याच दिवशी नीट ठरवायचा असतो, आणि मी काय केलं तर बहुतेक.

१६ जून, सोमवार

आज नावांचं काम, आणि मला वाटलं होतं अर्धा तास लागेल.

पोर्ट१ पोर्ट२ कोणाला कळत नाही, ताईंनी पीसीवर पिवळी चिठ्ठी लावली होती कॉम ३ म्हणजे कुठलं ते, आणि चिठ्ठी पंख्याने उडाली. मी म्हटलं व्हीएमसी-१, व्हीएमसी-२ ठेवतो. हेल्पर म्हणाला सर कुठलं एक? मालकांच्या रजिस्टरमध्ये पहिलं घेतलेलं ते एक, इलेक्ट्रिशियनच्या पॅनलवर दारापासून पहिलं ते एक, आणि ताईंच्या फोल्डरमध्ये तिसरंच. पण थोरली कुठली असं विचारलं की सगळे एकाच मशीनकडे बोट दाखवतात. दोन सारखी व्हीएमसी एकाच महिन्यात आली, त्या जुळ्या, थोरली आणि धाकटी. मोठं ते हत्ती. टर्निंग सेंटर बुटकी आणि लंबू. आणि म्हातारी. ठरलं, हीच नावं.

बॉक्समध्ये प्रत्येक पोर्टाला टोपणनावाचा रकाना असतो, त्यात मराठी जात नाही, रोमनच. मग स्पेलिंगवर पंचायत. म्हातारीला ए एक का दोन, बुटकीला यू का डबल ओ, लंबूच्या शेवटी यू की डबल ओ. पोरं व्हॉट्सअॅपवर लिहितात तसं धरलं, एकच ए, एकच यू. ताई म्हणाल्या मतारी वाचलं जाईल, मामा म्हणाले वाचलं तरी ऐकायला तीच येणार.

बॉक्सचं स्वतःचं नाव खांब. यात मी एक गंमत केली होती, आधी खांब अंडरस्कोर एक असं टाकलं. बॉक्स घेतो. पण नेटवर्कवरच्या यंत्राच्या नावात अक्षरं, आकडे आणि मधे आडवी रेघ एवढंच चालतं, हा नियम १९८५ पासूनचा, १९८९ ला एवढीच सूट मिळाली की सुरुवात आकड्याने केली तरी चालेल. अंडरस्कोर कुठेतरी चालतो आणि कुठेतरी बरोब्बर नको तेव्हा चालत नाही, म्हणून काढला. आणि बॉक्सला नाव दिलं म्हणजे पीसीला कळलं असं नाही, ते नाव फक्त मोक्साच्या शोधायच्या प्रोग्राममध्ये दिसतं. पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये, जिथे कुठलं नाव कुठल्या पत्त्याचं ते लिहितात, वेगळी ओळ टाकली, १९२.१६८.०.२० खांब. आता पिंग खांब म्हटलं की जातं.

हे सगळं करून बटण दाबलं, पान म्हणालं ठीक, मी चहाला गेलो, तेवढ्यात लाइट गेली. परत आल्यावर नावं गायब. सेव्ह-रीस्टार्टचं वेगळं बटण असतं, ते दाबल्याशिवाय खरं काही होत नाही. पुन्हा सहाही नावं, पुन्हा एक ए.

संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या काकांना हे सांगितलं, ते पूर्वी व्हॅक्सवर, म्हणजे डेक कंपनीच्या जुन्या संगणकावर काम करायचे. ते हसायला लागले, म्हणाले आमच्या वेळी डेकसर्व्हर होता, आठ टर्मिनल लागायचे, त्याच्यात स्वतःची डिस्कसुद्धा नाही, चालू केला की नेटवर्कवर ओरडायचा मला माझं सॉफ्टवेअर द्या, मग व्हॅक्स ते पाठवायचं. आणि आयपी वगैरे नाहीच, लॅट नावाचा प्रोटोकॉल, टर्मिनलसमोर लोकल असं यायचं, आपण कनेक्ट आणि मशीनचं नाव लिहायचं, झालं. व्हॅक्स स्वतःच दर थोड्या वेळाने सगळ्यांना ओरडून सांगायचं की मी अमुक, माझ्याकडे ही सेवा आहे. पत्ता माणसाने लिहायचाच नाही. मला हेवा वाटला, पण मग त्यांनीच सांगितलं की ते राउटर ओलांडून जात नसे, एका लॅनपुरतं गाव. सेट केलं की तात्पुरतं आणि डिफाइन केलं की कायमचं, असे दोन वेगळे शब्द होते, नुसतं सेट करून घरी जायचे आणि लाइट गेली की सकाळी बोंब. म्हटलं काका, हे आजच माझ्याकडे झालंय.

१९ जून, गुरुवार

गेलो नाही. मालकांचा मेसेज, कॉम्प्रेसरची लाइन हलवतोय, दादा आपल्या केबलही नीट बांधून घेतील. मी अंगठा दाखवला. चूक.

२० जून, शुक्रवार

आज माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यात, आळंदी रोड बंद, वळसा घालून पोचायला सव्वा तास. त्यात फोन आलेला तोही साधा नाही, "सर, थोरलीत धाकटीचा प्रोग्राम गेला".

जे कळलं ते असं. दादांनी काल नवीन ट्रे बांधताना डब्यातल्या सगळ्या केबल काढल्या आणि परत लावल्या, दोन आणि तीनची अदलाबदल झाली. फॅनुकमध्ये प्रोग्राम आपोआप घुसत नाही, ऑपरेटरने एडिटमध्ये जाऊन रीड दाबावं लागतं, मग तो वाट बघतो. म्हणजे नुसती केबल उलटी असली तर एक मशीन वाट बघत बसलं असतं आणि दुसऱ्याने ऐकलंच नसतं, दहा मिनिटांत कळलं असतं. पण सकाळी सात वाजता दोन्ही जुळ्यांवर सेटिंग, दोन्ही ऑपरेटरांनी एकाच वेळी रीड दाबलेलं, ताईंनी दोन्ही प्रोग्राम एकामागून एक सोडले, आणि दोन्ही मशीनं खूश. वर दोन्ही प्रोग्रामचा नंबर ओ-०००१. इथे सगळ्याच प्रोग्रामचा नंबर ओ-०००१ असतो, का ते कोणालाच माहीत नाही, आधीपासून आहे.

वाचवलं ते थोरलीच्या ऑपरेटरने. सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवत होता, पहिली टूलची ओळ आली टी-०७, आणि त्याच्या हातात सेटअप शीटवर टी-०३. त्याने फीड होल्ड (टूलची हालचाल थांबवणारं बटण) दाबलं आणि खाली बसला. पाण्याचा ग्लास दिला तेव्हा हात थरथरत होता. जॉबला किंवा स्पिंडलला काही नाही. धाकटीवाल्याने अजून स्टार्ट दाबलं नव्हतं.

मालक दादांवर चिडले. मी म्हटलं थांबा, यात अर्धी चूक माझी. मी नाव दिलं ते पोर्टाला, केबलवर काहीच लिहिलं नाही. दादांच्या हातात सहा सारख्या निळ्या वायरी, त्यांनी रेघ मारून लावल्या, त्यात त्यांचं काय चुकलं. पीसीवर थोरली लिहिलेलं होतं, पण ते नाव भोकाचं होतं, मशीनचं नव्हतं, आणि भोकातून वायर कुठे जाते हे बॉक्सला कधीच कळत नसतं.

दुपारी फेरूल (केबलवर चढवायच्या नावाच्या नळ्या) आणल्या, छापील अक्षरांच्या. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना मशीनचं नाव. डब्यात पोर्टाखाली तेच नाव. मशीनच्या कनेक्टरपाशी तेच. हे करताना आधी मी यादी घेऊन वायर हाताने चाचपत गेलो, मग लक्षात आलं की ही यादीच चुकीची असली तर मी चूकच सुबक अक्षरात छापतोय.

म्हणून मशीनलाच विचारायचं ठरवलं. प्रत्येक मशीनवर उभं राहून त्यात चार ओळींचा छोटा प्रोग्राम हाताने टाकला, म्हातारीत ओ-७००१, बुटकीत ओ-७००२ असे, आणि कंसात तिचं नाव, पुढे एम-३०, म्हणजे प्रोग्राम संपला, बाकी काही नाही, चुकून चालवला तरी काही हलणार नाही. मग मशीनवरून पंच, म्हणजे मशीनने पाठवायचं आणि ताईंनी पीसीवर घ्यायचं. थोरलीच्या पोर्टावर ताईंना स्क्रीनवर धाकटी असं आलं. त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं. वायरी बदलल्या, पुन्हा पंच, थोरली आलं. सहाच्या सहा मशीननी आपापलं नाव सांगितलं, म्हातारीने सगळ्यात शेवटी, कारण झिरोवर टायपिंग करायला मामांना एकेक अक्षर शोधावं लागतं.

ताईंनी आपणहून दुसरं काम काढलं, ओ-०००१ बंद, प्रत्येक मशीनला वेगळी नंबरमाला. याचं श्रेय त्यांना, मला सुचलं नव्हतं.

२६ जून, गुरुवार

सुट्टीत उरलेलं. बॉक्सला पासवर्ड, टेलनेट (दुरून लॉगिन करायचा जुना मार्ग) बंद, कारण आपण ते वापरत नाही. सात आणि आठ नंबर पोर्ट ड्रायव्हरमधून काढून टाकले. सगळं कॉन्फिगरेशन फाइलमध्ये घेऊन एक प्रत ताईंच्या पीसीवर, एक पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह मालकांच्या ड्रॉवरमध्ये. डब्याच्या झाकणावर आतून कागद, लॅमिनेट केलेला: बॉक्सचा आयपी, मास्क, मॅक, सहा पोर्ट, सहा नावं, सहा कॉम, वेग. म्हातारीपुढे फिफो बंद असं लाल अक्षरात.

आता नियम असा, डब्यातली केबल काढली तर लावल्यावर पंच घेऊन नाव बघायचं. दादांनीच तो कागदाच्या खाली स्केचपेनने लिहिला, पंचचं स्पेलिंग पंज केलंय, राहू दिलं.

लाइट गेल्यावर काय होतं ते मुद्दाम मेन पाडून बघितलं. बॉक्स उठला, .२० वरच आला, नावं जागेवर, पीसीवरून थोरलीला छोटा प्रोग्राम गेला. वॉचमन काकांचा मोबाइल १३७ वर आहे, बघून घेतलं.

३ जुलै, गुरुवार

बिल द्यायला गेलो होतो. आठवडाभरात एकच तक्रार, बुटकीवर पंचाऐंशीचा अलार्म, म्हणजे अक्षरं बिघडून आली, एकदाच, पावसात विजा चालू असताना. कनेक्टरचे स्क्रू आवळले, केबल मोटरच्या केबलपासून वीतभर लांब बांधली. बघू.

मालकांनी सांगितलं ऑगस्टमध्ये सातवं मशीन येतंय. तिचं नाव आत्ताच ठरलंय म्हणे, मामांनी ठेवलं, नवरी. ताईंनी नंबरमाला राखून ठेवलीय, आणि डब्यातल्या कागदावर पोर्ट सातसमोर कोणीतरी पेन्सिलने नवरी लिहिलंय, दोन ए घालून. केबल अजून कापायचीये, मशीन कुठे उभं राहणार ते ठरल्यावर.